कामगारांच्या सूचना कागदावरून मशिनपर्यंत कशा न्यायच्या?

सूचना पेटी लावली की महिनाभर चिठ्ठ्या येतात, मग पेटीत चहाचे कागदी कप सापडू लागतात. कारण साधं असतं: चिठ्ठीला कुणी उत्तरच देत नाही. टोयोटाने १९५१ मध्ये सुरू केलेली सूचना योजना आजही चालू आहे, आणि तिथे सूचना आधी वाचतो तो कामगाराचा थेट वरिष्ठ.

शंभरेक माणसांच्या प्रेस शॉपमध्ये (जिथे पत्रा दाबून-कापून सुटे भाग बनतात) अर्ध्या पानाचा मराठी फॉर्म पुरतो: कुठलं मशिन, काय त्रास होतो, काय बदलावं, आणि चित्र काढायला मोकळी जागा. ज्याला लिहायचा कंटाळा, त्याचं सुपरवायझरने लिहून घ्यावं. नाव मात्र कामगाराचंच. तीन दिवसांत उत्तर द्या. नकार असेल तर कारण मशिनपाशी जाऊन सांगा. पाच हजारांपर्यंतचा खर्च सुपरवायझरच्या सहीने होऊ द्या, नाहीतर बाराशे रुपयांच्या स्टॉपरची (पत्रा जागेवर अडवणाऱ्या तुकड्याची) फाइल खरेदी विभागात पडून राहते. टूल रूमचे (साचे-हत्यारं बनवणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या विभागाचे) आठवड्याला दोन तास यासाठीच राखा. चाचणी एकाच मशिनवर, पण सगळ्या पाळ्यांत घ्या. रिजेक्शन (नापास होणारे नग) आणि सेटिंगचा (मशिन नव्या कामासाठी जुळवण्याचा) वेळ आधीही मोजा, नंतरही.

खरी गोची पुढे आहे आणि ती एचआरनेच सोडवायची. सायकल टाइम, म्हणजे एक नग बनवायला लागणारा वेळ, ५० सेकंदांवरून ४२ वर आला आणि लगेच टार्गेट वाढवलं, तर त्या लाइनवरून पुन्हा सूचना येणार नाही. का यावी? सूचनेतून वाचलेल्या वेळेवर चालू वेतन करार संपेपर्यंत टार्गेट वाढणार नाही, हे युनियनबरोबर लेखी ठरवा. एखादी जागा कमी झाली तर त्या माणसाला दुसऱ्या मशिनचं प्रशिक्षण द्या आणि स्किल मॅट्रिक्समध्ये (कुणाला कुठलं मशिन येतं त्या तक्त्यात) नोंदवा.

बक्षीस बचतीच्या टक्क्यांत नको. हिशेबावरून भांडणं होतात आणि छोट्या सूचना कुणी देतच नाही. मान्य झालेल्या प्रत्येक सूचनेला ठरावीक दोनशे रुपये बरे. कंत्राटी कामगारांना वगळू नका, बऱ्याच लाइनी तेच चालवतात. त्यांचं बक्षीस ठेकेदारामार्फत न पाठवता व्हाउचरच्या रूपात हातात द्या.

जुना सेटर (मशिन जुळवून देणारा कारागीर) निवृत्त होण्याआधी सहा महिने त्याच्याबरोबर एक हेल्पर जोडा. डाय (प्रेसमधला साचा) बदलताना मोबाइलवर व्हिडिओ घ्या. प्रेसच्या कोणत्या आवाजाला तो थांबतो, किती बर (कापलेल्या कडेला राहणारा टोकदार कंगोरा) दिसली की डाय धारेला पाठवतो, ते विचारून लिहून काढा. शिकवण्याचे तास त्याच्या टार्गेटमधून वजा करा.