खानदेशात अग्लोनिमा जोपासताना

कोकणातून किंवा पुण्याकडून बदली होऊन भुसावळ, दीपनगर, वरणगाव या भागात येणाऱ्या कुटुंबांच्या सामानात दोन-चार कुंड्या असतातच, आणि त्यांत बहुधा एखादा अग्लोनिमाही असतो. मी रत्नागिरीकडचा, आता येथेच स्थायिक झालेला. त्यामुळे नव्याने येणाऱ्यांना या झाडाविषयी काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

अग्लोनिमा हा अळूच्या कुळातला, आशियातील दमट जंगलांत मोठ्या वृक्षांखाली वाढणारा. त्याला सावली लागते हे सर्वांनाच ठाऊक असते, आणि कोकणात तेवढे पुरते, कारण तेथे हवेतच ओलावा असतो. खानदेशात मात्र मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास पोहोचतो, हवा कोरडी ठणठणीत असते आणि दुपारची झळ सावलीतल्या पानांचाही ओलावा ओढून घेते. येथील केळी बागायतदार बागेच्या कडेने शेवरीसारखी दाट झाडे वारा अडवण्यासाठी लावतात. त्यांच्याकडे पाहून आपणही कुंडीची जागा ठरवताना आधी वाऱ्याचा विचार करावा.

घराच्या पूर्वेची किंवा उत्तरेची, भिंतीचा आडोसा असलेली जागा सर्वांत चांगली. पश्चिमेची गच्ची, तिच्यावर शेडनेट बांधलेले असले तरी, उन्हाळ्यात टाळावी, कारण तापलेला कोबा रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. कुंड्या एकमेकींजवळ ठेवून मधल्या जागेत ओल्या वाळूचे ताट ठेवल्यास पानांभोवती थोडा दमटपणा टिकतो. येथे घरोघरी कूलर असतो. त्या खोलीत हे झाड आनंदाने राहते, फक्त झोत थेट पानांवर नसावा. एसीची खोली त्यामानाने कोरडी.

मातीचा प्रश्न वेगळा आहे. शेतातली काळी कसदार माती कापसाला उत्तम असली, तरी कुंडीत ती पाणी धरून ठेवते, मुळे कुजवते आणि वाळली की भेगाळून मुळे तोडते. तिचा एकच भाग घेऊन उरलेल्या भागांत कोकोपीट, जाडी वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळावे. उन्हाळा आहे म्हणून रोज पाणी घालण्याचा मोह होतो; तो आवरावा आणि वरची बोटभर माती सुकल्यावरच पाणी द्यावे. बोअरच्या जड पाण्यातील क्षार मातीत साठून पानांच्या कडा करपतात व कुंडीवर पांढरा थर दिसू लागतो. अशा वेळी साठवलेले पावसाचे पाणी भरपूर ओतून ते तळातून निथळून जाऊ द्यावे.

गड्ड्यांची विभागणी, कुंडी बदलणे आणि खत देणे ही कामे पावसाळ्यात करावीत. हिवाळ्याकडे नवी मंडळी हमखास दुर्लक्ष करतात, परंतु तापीकाठचा गारठा कधी कधी 10 अंशांच्या खाली उतरतो आणि तेवढ्यानेही पानांवर काळपट डाग पडतात. म्हणून थंडीच्या लाटेत कुंड्या रात्री घरात घ्याव्यात.

पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण समजावा. ओल्या फडक्याने तो पुसून काढावा आणि लिटरभर पाण्यात 5 मिलिलिटर निंबोळी तेल व थोडा साबण मिसळून संध्याकाळी फवारावे. छाटणी करताना मात्र हातमोजे घालावेत, कारण या झाडाच्या चिकाने त्वचेला खाज सुटते. पान चघळल्यास तोंडाची आग होते, म्हणून घरात रांगते मूल असेल तर कुंडी उंचावरच ठेवावी.