क्वार्टर सोडून गावच्या घरी येताना: विजेची तयारी

यांची पोस्टिंग फील्डला, म्हणजे बायकामुलांना सोबत नेता येत नाही अशा ठिकाणी, लागली की मुलांना घेऊन गावी यायचं, हे आपल्याकडच्या फौजी घरांना नवीन नाही. क्वार्टर पुलगावला असो, कामठीला असो की पार पठाणकोटला, विजेचं काही बिघडलं की एमईएसला, म्हणजे क्वार्टरची देखभाल करणाऱ्या लष्करी खात्याला, कळवलं आणि काम झालं. गावात मीटर आपलं, बिल महावितरणचं, आणि घरचा माणूस सुट्टीपुरताच घरी. म्हणून ही तयारी बाईनंच करायची आणि सामान लागायच्या आधी करायची. एकदा कपाट भिंतीला टेकलं, कुलर खिडकीत बसला, की मग कोणी काही हलवत नाही.

सुरुवात ट्रक भरतानाच करा. थंड ठिकाणाहून येत असाल तर रूम हीटर आणि दोन हजार वॉटचा गिझर बांधूच नका, तिथेच कुणाला तरी देऊन टाका. वर्धा-यवतमाळकडच्या थंडीत अंघोळीचं पाणी बंबात तापतं आणि जाळायला पऱ्हाटी असतेच. पंखे मात्र नवे घ्या, तेही कॅन्टीन जवळ आहे तोवर. जुना छताचा पंखा 75 वॉटच्या आसपास खातो, बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. दिवसाला पंधरा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिट वाचतात, आणि आपल्याकडे पंखा पंधरा तास चालतोच. फ्रिज ट्रकमध्ये आडवा आला असेल तर रात्रभर उभा ठेवून मगच सुरू करा, आणि भिंतीपासून वीतभर पुढे, चुलीपासून लांब ठेवा.

घरात पाऊल टाकलं की पहिलं काम मीटरचं. त्या दिवशीच्या रीडिंगचा फोटो काढा आणि घर भाड्याचं असेल तर मागची थकबाकी राहिलेली नाही ना, हे घरमालकाकडून मागचं बिल घेऊन पाहा. बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक लिहून ठेवा आणि त्यावर मोबाइल नंबर स्वतःचा नोंदवा. कितीतरी घरांत यांचा नंबर नोंदवलेला असतो. बिलाचा मेसेज, लाइन बंद राहणार असल्याचा मेसेज, सगळं तिकडे सीमेवर जातं, जिथे नेटवर्कच नसतं. तक्रारीसाठी 1912 हा नंबर दाराच्या मागे खडूनं लिहून ठेवला तरी चालेल.

मग घरातली सगळी बटणं बंद करा, फ्रिजचा प्लगही काढा, आणि मीटरसमोर दोन मिनिटं उभ्या राहा. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. काहीच चालू नसताना तो लुकलुकत असेल तर कुठेतरी वायरिंग गळतंय किंवा आपल्या मीटरवरून दुसरीकडे वायर गेली आहे. वायरमनला आणा, मीटरचं सील स्वतः हलवू नका. त्याच मीटरवर दिवा किती वेळा लुकलुकला की एक युनिट होतं ते लिहिलेलं असतं, बऱ्याच मीटरवर 3200. म्हणजे दिवा दर सेकंदाला एकदा लुकलुकत असेल तर घरात साधारण अकराशे वॉट चालू आहेत. एकेक वस्तू लावून पाहा, कोण किती खातं ते मुलांनाही कळेल. माझ्या मते या अर्ध्या तासाइतकं दुसरं काही शिकवत नाही.

शंभर युनिटांची खूणगाठ बांधून ठेवा. घरगुती बिलात पहिल्या 100 युनिटांचा दर सगळ्यात कमी, त्यापुढे 300 पर्यंतचा बराच जास्त, आणि त्यावर 16 टक्के विद्युत शुल्क. म्हणून वाचवलेलं युनिट नेहमी वरच्या, महागड्या दराचं असतं. दर रविवारी रीडिंग कॅलेंडरवर लिहा. सेट टॉप बॉक्स रिमोटनं बंद करून भागत नाही. दहा वॉटचा बॉक्स चोवीस तास लावून ठेवला तर महिन्याला सात युनिट जातात.

आता कुलर. विदर्भात उन्हाळ्याचं बिल म्हणजे कुलरचं बिल. दोनशे वॉटचा कुलर बारा तास चालला तर महिन्याला बहात्तर युनिट. तो खोलीच्या आत ठेवू नका. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर, पूर्वेला किंवा उत्तरेला बसवा, वर तट्ट्याची सावली करा. समोरची खिडकी वीतभर उघडी हवीच, नाहीतर हवा ओली होते, अंग चिकचिकतं आणि मुलं कुलर आणखी जोरात करतात. बोअरच्या पाण्याचा क्षार गवतावर बसून हवा अडते, म्हणून मार्च संपायच्या आत गवत बदला. पावसाळी दमट हवेत पाण्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालवा, तेव्हा पाण्यानं गारवा येतच नाही. छतावर मार्चमध्येच चुन्याचे दोन हात मारले तर खोली कमी तापते आणि कुलर उशिरा लावावा लागतो.

इथे बचतीपेक्षा मोठं एक काम आहे आणि त्यात पैसे वाचवू नका. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगचा जमिनीशी धड संबंध राहत नाही. लोखंडी कुलर, ओली फरशी, अनवाणी लेकरू: दर उन्हाळ्यात विदर्भात अशानं जीव जातात. अर्थिंगच्या खड्ड्यात रोज बादलीभर पाणी घाला, तीन पिनचाच प्लग वापरा, 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच लाइन तोडणारा स्विच, मेन स्विचजवळ बसवून घ्या. कुलरमध्ये पाणी भरताना आधी प्लग काढा, मग बादली उचला, आणि हा नियम सासूबाईंपासून धाकट्यापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवा.

घर स्वतःचं असेल तर सुट्टीत यांच्याकडून सोलरचं मार्गी लावून घ्या. पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॉटला 30,000, दोनला 60,000 आणि तीन किंवा जास्तला 78,000 रुपये अनुदान आहे. मीटर अजून स्वर्गवासी सासऱ्यांच्या नावावर असेल तर नावबदलाचा अर्ज आत्ताच देऊन ठेवा, म्हणजे सुट्टीचे दिवस त्यातच जाणार नाहीत.