कॅरोलच्या दोन ओळींमधली जागा वापरा

ऑर्गनवर ख्रिसमस कॅरोल वाजवताना इम्प्रोव्हायझेशन (आयत्या वेळी स्वतःची भर घालणं) कुठून सुरू करायचं कळत नसेल तर संगीतकार बाखचं 'इन डुल्ची युबिलो' (बीडब्ल्यूव्ही ७२९, म्हणजे बाखच्या रचनांच्या यादीतला क्रमांक) ऐका, केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये ख्रिसमस ईव्हची सर्व्हिस संपल्यावर वाजतं तेच. त्यात चाल भरगच्च कॉर्ड्समध्ये (एकत्र वाजणाऱ्या स्वरांमध्ये) सरळ येते आणि प्रत्येक ओळ संपली की मध्ये झरझर स्वरांची एक धाव. आपणही तेच करायचं, मूळ चालीला हातच लावायचा नाही, ओळीचा शेवटचा स्वर पेडलवर (पायाने वाजवायच्या पट्ट्यांवर) धरून ठेवायचा, त्याच कॉर्डच्या स्वरांवरून उजवा हात फिरवायचा आणि पुढच्या ओळीच्या पहिल्या स्वरावर येऊन थांबायचं. कुठे उतरायचंय ते आधी ठरवा, मग मधली वाट आपोआप सापडते, खरंच. पेडल नसलेला कीबोर्ड असेल तर डाव्या करंगळीने स्वर धरा.

चँटच्या (चर्चमधल्या जुन्या, ठेका नसलेल्या गायनाच्या) चालीला मात्र ही मधली धाव नको. 'वेनी इमॅन्युएल' ही तशी चाल ई मायनरमध्ये घेतली तर खाली ई धरा आणि डी नॅचरलच ठेवा, डी शार्प आला की तो जुना मोडल (जुन्या चर्च स्वरमालांचा) रंगच जातो, आणि ठेका न धरता शब्दांच्या श्वासाने वाजवा.