ट्रॅव्हल ओटी व्हायचंय? मग लायसन्सची फाईल आधी लावा

गेल्या दोन महिन्यांत तीन मुलींनी मला एकच प्रश्न विचारलाय, एक नागपूरची, दोघी मुंबईच्या, तिघीही अमेरिकेत ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) म्हणून नोकरी करतायत आणि आता ट्रॅव्हल करायचं म्हणतायत, म्हणजे एजन्सीमार्फत थोड्या थोड्या महिन्यांच्या काँट्रॅक्टवर वेगवेगळ्या स्टेट्समध्ये काम. "ताई, दुसऱ्या स्टेटचं लायसन्स मिळायला किती दिवस लागतात?" एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून काढते.

पहिलं म्हणजे एनबीसीओटीची (ओटींना प्रमाणपत्र देणारी अमेरिकेतली राष्ट्रीय संस्था) परीक्षा पास झालात, ४५० किंवा वर स्कोअर आला, नावापुढे ओटीआर ही पदवी लागली, तरी तेवढ्यावर पेशंटला हात लावता येत नाही. तो अधिकार स्टेट देतं, आणि प्रत्येक स्टेटचा फॉर्म वेगळा, फी वेगळी, नियम वेगळे. काही ठिकाणी दोन-तीन आठवड्यांत काम होतं, काही ठिकाणी दोन-तीन महिने जातात. ट्रॅव्हलचं काँट्रॅक्ट साधारण १३ आठवड्यांचं, आणि हॉस्पिटलला माणूस हवा असतो पुढच्या सोमवारपासून. त्यामुळे "आधी काँट्रॅक्ट मिळू दे, मग अर्ज करते" असं केलंत तर हातची जागा जाते, माझी पहिली जागा अशीच गेली आणि तेव्हा मी खूप रडले होते. आता जिथे जायचंय त्या स्टेटचा अर्ज मी तीन-चार महिने आधी टाकते, एजन्सीच्या रिक्रूटरशी बोलणं त्यानंतर.

एच-वन-बीवर (नोकरीच्या व्हिसावर) असाल तर आधी वकिलाशी बोला. कामाची जागा दुसऱ्या शहरात गेली की बहुतेक वेळा व्हिसाचं पिटिशन (नोकरी देणाऱ्याने केलेला अर्ज) अमेंड करावं लागतं, मग दर १३ आठवड्यांनी ते करणारी एजन्सी सापडणं कठीण. आणि नर्सेस, पीटी (फिजिकल थेरपिस्ट) यांना शेड्यूल ए (माणसं कमी असलेल्या व्यवसायांची सरकारी यादी) मुळे ग्रीन कार्डाचा एक टप्पा वाचतो, तो ओटींना नाही. मी स्वतः ग्रीन कार्ड हातात आल्यावरच ट्रॅव्हल सुरू केलं.

आता नावाचं सांगते, कारण आपल्या मराठी लोकांचं घोडं इथेच अडतं. माझ्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग बाबांचं, शेवटी आईचं. पासपोर्टवर लग्नानंतरचं आडनाव आणि मधे नवऱ्याचं नाव. सोशल सिक्युरिटी कार्ड पासपोर्टप्रमाणे. आणि एनबीसीओटीला मी अर्ज केला तो मधलं नाव न लिहिता! पहिल्या स्टेटने चालवून घेतलं, दुसऱ्याने फाईल थांबवून विचारलं की ही तीन वेगळी माणसं आहेत का. लग्नाचं सर्टिफिकेट, अ‍ॅफिडेव्हिट, सगळं जमवून पाठवण्यात पाच आठवडे गेले. तर तुम्ही अजून भारतात असाल, तर पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच, मधल्या नावासकट, पहिल्या अर्जापासून सगळीकडे लिहा. कॉलेजकडून ट्रान्सक्रिप्टचे दोन-तीन सीलबंद लिफाफे जास्तीचे घेऊन ठेवा, आणि ते उघडू नका, उघडलेला लिफाफा स्टेटचं लायसन्स देणारं बोर्ड घेत नाही. आणि हो, ज्यांचं फक्त बॅचलर्स झालंय त्यांनी एनबीसीओटीच्या पात्रतेचे नियम आधी वाचा, तिथे मास्टर्सच्या पातळीचं शिक्षण मागतात.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते व्हेरिफिकेशन. नवीन स्टेटला अर्ज केला की ते म्हणतात, आजवर जिथे जिथे लायसन्स होतं त्या प्रत्येक बोर्डाने आम्हाला थेट कळवावं की या बाईवर कारवाई वगैरे काही नाही. चालू असो की संपलेलं, सगळी. म्हणजे जितकी स्टेट्स फिरलात तितकी पत्रं, आणि प्रत्येक पत्राची वेगळी फी. चौथ्या लायसन्सच्या वेळी एका बोर्डाने माझं पत्र पाठवलं म्हणून सांगितलं, दुसरं बोर्ड म्हणे आलंच नाही, आणि मी मधल्या मधे रोज लंच ब्रेकमध्ये फोन लावत बसलेली. शेवटी कळलं की पत्र माझ्या जुन्या आडनावाखाली लागलं होतं. तेव्हापासून मी अर्ज भरते त्याच दिवशी सगळ्या जुन्या बोर्डांना व्हेरिफिकेशनची रिक्वेस्ट टाकते, आणि दहा दिवसांनी फोन करून विचारते. ईमेलवर विसंबू नका, फोनवर माणसं खरंच मदत करतात, फक्त फाईल नंबर हाताशी ठेवा.

अर्जासोबत लागणाऱ्या बोटांच्या ठशांचंही सांगायला हवं. कॅलिफोर्नियाचं लाइव्ह स्कॅन (मशीनवर घेतलेले डिजिटल ठसे) त्या स्टेटमध्ये जाऊनच करता येतं, बाहेरून अर्ज करणाऱ्याला शाईचे ठसे कार्डावर देऊन पाठवावे लागतात. आपले हात दिवसभर धुतलेले, सॅनिटायझर लावलेले, रेषा पार झिजलेल्या. माझं पहिलं कार्ड परत आलं, ठसे वाचता येत नाहीत म्हणून. दुसऱ्या वेळी काउंटरवरच्या बाईंनी माझा अंगठा हातात धरून उजेडात बघितला आणि म्हणाल्या, "नर्स आहेस का?" मग त्यांनी आठवडाभर रात्री झोपताना क्रीम लावून यायला सांगितलं, फक्त ठसे द्यायच्या दिवशी नाही. ते कार्ड पास झालं.

स्टेटप्रमाणे काही खास गोष्टी असतात. टेक्सासला त्यांच्या नियमांवरची ज्युरिसप्रुडन्स परीक्षा द्यावी लागते, ऑनलाइन असते, नियम समोर ठेवून शांतपणे सोडवा. कॅलिफोर्नियात मी गेले तेव्हा हँड थेरपी, मोडॅलिटीज (उष्णता, वीज वगैरे वापरून उपचार) आणि गिळण्याच्या त्रासावरचं काम यांना लायसन्सशिवाय वेगळी परवानगी लागत होती. तुम्ही भारतात दहा वर्षं हँड क्लिनिक केलं असलं तरी ती परवानगी नसताना तिथे हात घालू नका, इतकी मेहनत करून मिळवलेलं लायसन्स पणाला लावू नका.

मिळालं की रिन्यूचं चक्र सुरू. प्रत्येक वेळी ठरावीक कोर्सेस वगैरे करून दाखवावे लागतात. एनबीसीओटी दर तीन वर्षांनी, ३६ युनिट्स, ३१ मार्चच्या आत. कॅलिफोर्निया आणि टेक्सास दोन वर्षांनी, दोन्हीकडे २४ तास किंवा युनिट्स, आणि दोन्ही तुमच्या जन्ममहिन्याच्या शेवटच्या दिवशी संपतात. फ्लोरिडाचं विषम वर्षी २८ फेब्रुवारीला, २६ तास, त्यात मेडिकल एरर्स आणि तिथले कायदे यांचे दोन-दोन तास आलेच पाहिजेत. टेक्सासला ह्युमन ट्रॅफिकिंगचा कोर्स हवा. एकच कोर्स बऱ्याचदा दोन-तीन ठिकाणी चालतो, म्हणून घ्यायच्या आधी कोणकोणत्या स्टेटला चालेल ते बघा. सर्टिफिकेटची पीडीएफ त्याच दिवशी फोल्डरमध्ये टाका, ऑडिट आलं की दोन वर्षांपूर्वीचा कोर्स कुठून शोधणार? आणि दर काँट्रॅक्टला घर बदलतं तेव्हा बोर्डाला नवीन पत्ता कळवा, रिन्यूअलची नोटीस जुन्या अपार्टमेंटच्या पेटीत पडून राहिली तरी जबाबदारी तुमचीच. संपलेल्या लायसन्सवर एक दिवससुद्धा काम करायचं नाही, मॅनेजर कितीही म्हणू दे की उद्या होईलच.

ओटी कॉम्पॅक्टबद्दलही (एकमेकांचं लायसन्स मानायचा स्टेट्समधला करार) विचारतात. २०२१ मध्ये व्हर्जिनियाने आधी कायदा केला, मग बरीच स्टेट्स आली. तुमचं कायमचं राहण्याचं स्टेट त्यात असेल तर तिथल्या लायसन्सवर दुसऱ्या सदस्य स्टेटमध्ये कामाची परवानगी मिळू शकते. पण कायदा झाला म्हणजे परवानग्या द्यायला लागले असं नाही, आणि कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क त्यात नाहीत असं गृहीत धरूनच प्लॅन करा.

पैशांचं राहिलं. बऱ्याच एजन्सी लायसन्सची फी परत देतात, पण मागितली तरच, आणि व्हेरिफिकेशन, ठसे, रिन्यूअल हे धरून देतील की नाही ते काँट्रॅक्टमध्ये लिहून घ्या. पावत्या मी अजूनही एका प्लास्टिकच्या फाईलमध्ये ठेवते, प्रत्येक स्टेटचा वेगळा कप्पा.