प्रोस्टेट कॅन्सरच्या धोक्यासाठी जेनेटिक टेस्ट केली, आता रिपोर्ट कसा वाचायचा

रिपोर्टात एआर, सीएजी रिपीट असं काही दिसलं की लगेच टेन्शन घेऊ नका बाप्पा. एआर म्हणजे टेस्टोस्टेरॉनचा सिग्नल पकडणाऱ्या रिसेप्टरचा जीन, तो एक्स क्रोमोसोमवर असतो म्हणजे पोराला आईकडूनच येतो, त्यामुळं बाबांना कॅन्सर झाला म्हणून त्यांचा एआर तुमच्यात आला असं होतच नाही. त्या जीनमध्ये सीएजी ही डीएनएची तीन अक्षरं किती वेळा लागोपाठ येतात तो आकडा म्हणजे सीएजी रिपीट. रिपीट कमी तर रिसेप्टर जास्त ॲक्टिव्ह, म्हणून आधी धोका जास्त मानायचे, पण नंतरच्या मोठ्या अभ्यासांत तसं ठाम काही निघालं नाही, माझं विचाराल तर निव्वळ यासाठी पैसे घालवू नका.

बघायचंच तर बीआरसीए२ बघा, म्हणजे ज्या जीनमध्ये बिघाड असला की प्रोस्टेट, स्तन, ओव्हरीच्या कॅन्सरचा धोका वाढतो तो. तो आईकडूनही येतो, म्हणून आजोळी कोणाला स्तनाचा नाहीतर ओव्हरीचा कॅन्सर होता का ते मामा-मावशीला विचारून घ्या, लाजत बसू नका. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला प्रोस्टेटचा असेल तर धोका साधारण दुप्पट, मग ४५ च्या आसपासच युरोलॉजिस्टला भेटून पीएसएचं, म्हणजे प्रोस्टेटसाठीच्या रक्ततपासणीचं बोला. केसांसाठी फिनास्टेराइड घेऊन राहिले असाल तर ते सांगाच, त्यानं काही महिन्यांत पीएसए जवळपास अर्धा दिसतो. अन् पीएसए टेस्टच्या आधी दोन दिवस सेक्स बंद, फुटाळा तलावावरची सायकलिंगही बंद.