अधिकृत सर्व्हिस सेंटरचे बिल आटोक्यात कसे ठेवावे

साध्या वार्षिक सर्व्हिसिंगसाठी दिलेल्या गाडीचे पंधरा-अठरा हजारांचे बिल हातात पडले की बहुतेक मालक काउंटरवर हुज्जत घालतात, मॅनेजर पाचशे-हजार रुपये सोडतो आणि विषय तिथेच मिटतो. प्रत्यक्षात त्या बिलाचा मोठा भाग सकाळी, सर्व्हिस ॲडव्हायझरशी झालेल्या दहा मिनिटांच्या बोलण्यात आणि जॉब कार्डावरील, म्हणजे करायच्या कामांच्या नोंदपत्रावरील, सहीत ठरून गेलेला असतो. त्यामुळे पैसे वाचवायचे असतील, तर गाडी रॅम्पवर चढण्यापूर्वी काय वाचावे, काय विचारावे आणि काय लिहून घ्यावे, याकडे सर्वाधिक लक्ष द्यायला हवे.

त्यामागचे आर्थिक कारण आधी समजून घेतलेले बरे. नवी गाडी विकून डीलरला मिळणारा नफा फार मोठा नसतो. शोरूमचे भाडे, पगार आणि कर्जाचे व्याज यांचा बराचसा भार वर्कशॉपमधील मजुरी, सुटे भाग आणि विमा यांच्या उत्पन्नावर पडतो. ॲडव्हायझरला प्रत्येक गाडीमागे ठरावीक रकमेचे काम आणि काही ‘व्हॅल्यू ॲडेड’ सेवा विकण्याचे उद्दिष्ट दिलेले असते. तो माणूस तुमचा शत्रू नाही आणि त्याच्याशी चढ्या आवाजात बोलण्याचे काहीच कारण नाही. मात्र त्याने सुचवलेल्या प्रत्येक कामाची गरज तुमच्या गाडीलाच आहे, असे धरून चालता येत नाही.

पहिले काम घरीच करायचे आहे. गाडीसोबत मिळालेल्या ओनर्स मॅन्युअलमध्ये देखभालीचा तक्ता असतो आणि त्यात किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी कोणता भाग तपासायचा आणि कोणता बदलायचा, हे स्पष्ट दिलेले असते. ‘तपासणे’ आणि ‘बदलणे’ यांतला फरक नीट पाहा, कारण बिल फुगते ते मुख्यतः तपासायच्या वस्तू बदलल्यामुळे. तुमच्या गाडीच्या सध्याच्या किलोमीटरचा रकाना शोधून त्यातली कामे कागदावर उतरवा आणि इंजिनला किती लिटर व कोणत्या ग्रेडचे तेल लागते, तेही त्याच कागदावर लिहा. लहान पेट्रोल इंजिनांना साधारण तीन ते चार लिटर तेल पुरते. बिलात त्याहून अधिक दिसले, तर विचारायला आधार हवा. अनेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर मॉडेल आणि किलोमीटर भरले की सर्व्हिसिंगचा अंदाजे खर्च समजतो. त्या पानाची प्रत मोबाइलमध्ये सोबत ठेवा.

आता जॉब कार्ड. ॲडव्हायझर टॅबवर भराभर खुणा करत जातो आणि शेवटी सही मागतो. तेव्हा घाई न करता प्रत्येक ओळ वाचा आणि ज्या कामाचा मॅन्युअलमधील तक्त्यात उल्लेख नाही, त्याविषयी एकच प्रश्न विचारा: हे काम कोणत्या तक्रारीसाठी आहे? इंजिन फ्लशिंग (रसायनाने इंजिन आतून धुणे), इंधनात टाकायचे ॲडिटिव्ह, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा नियंत्रित करणारा भाग) क्लीनिंग, एसीचे निर्जंतुकीकरण, इंजिन ड्रेसिंग, टेफ्लॉन कोटिंग, टायरमध्ये नायट्रोजन ही यादी जवळजवळ सर्वत्र सारखीच असते. वेळेवर तेल बदललेल्या इंजिनला फ्लशिंगची गरज नसते. न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीचे इंजिन नीट चालते आहे, गाडी झटके देत नाही आणि चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही, तर थ्रॉटल बॉडी केवळ सवयीने उघडण्यात अर्थ नाही. व्हील अलाइनमेंट उपयोगाचे आहे. पण गाडी एका बाजूला ओढत असेल, टायर एका कडेने झिजत असतील किंवा सस्पेन्शनचे काम झाले असेल, तरच ते करावे. ते बाहेरच्या टायरच्या दुकानातही होते.

सगळेच जादा काम निरुपयोगी असते, असे मात्र समजू नये. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, अलिबाग किंवा गोव्याच्या खाऱ्या हवेत उभी राहणारी गाडी खालून गंजते. तिथे अंडरबॉडी कोटिंगवर केलेला खर्च वाया जात नाही. उसाच्या फडाजवळ किंवा मोकळ्या मैदानालगत गाडी लावणाऱ्यांच्या गाडीचे वायरिंग उंदीर खरोखर कुरतडतात आणि वायरिंग हार्नेस, म्हणजे वायरिंगचा पूर्ण जुडगा, बदलणे फार महाग पडते. तिथे उंदीर रोखण्याच्या उपायावरचा खर्चही योग्यच. गरज जागेवरून आणि वापरावरून ठरते, पॅकेजच्या नावावरून नव्हे.

सही करण्यापूर्वी जॉब कार्डावर तीन गोष्टी लिहून घ्या. पहिली, सुटे भाग व मजुरी वेगळी दाखवलेला करासह अंदाज. दुसरी, या अंदाजाबाहेरचे कोणतेही काम मालकाच्या लेखी मंजुरीशिवाय करू नये, ही सूचना. आणि तिसरी, बदललेले जुने भाग परत हवेत, ही मागणी. दुपारी फोन येतो आणि ‘सर, ब्रेक पॅड संपलेत, बदलून टाकू का?’ असे विचारले जाते, तेव्हा फोनवर होकार देऊ नका. फोटो आणि किंमत व्हॉट्सॲपवर मागवा. पॅडची किती मिलिमीटर जाडी शिल्लक आहे आणि कंपनीने ठरवलेली किमान मर्यादा किती, हे विचारा. ब्रेकचे काम खरोखर निघाले असेल, तर ते लांबणीवर टाकू नये. पण आकड्याशिवाय ते मान्यही करू नये.

सर्वांत मोठी रक्कम वाचते ती मात्र दुरुस्तीच्या कामात. अधिकृत वर्कशॉपमध्ये सुटा घटक दुरुस्त करण्यापेक्षा पूर्ण असेंब्ली बदलण्याकडे कल असतो, कारण त्यात वेळ कमी जातो आणि नव्या भागाची हमी देता येते. बाजूच्या आरशाची फक्त काच फुटली तरी संपूर्ण आरसा, हेडलॅम्पचा एक कान तुटला तरी पूर्ण दिवा, लोअर आर्मचे (चाक गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश गेले तरी अख्खा आर्म, अल्टरनेटरचे (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचे) कार्बन ब्रश झिजले तरी नवा अल्टरनेटर, असे अंदाज मिळतात. अशा प्रत्येक वेळी ‘यातला नेमका कोणता घटक खराब आहे आणि तो सुटा मिळतो का?’ असे विचारा आणि भागाचा पार्ट नंबर मागा. पार्ट नंबर हाती असला की त्याची छापील किंमत दुसऱ्या डीलरकडे किंवा स्पेअर पार्टच्या दुकानात लगेच पडताळता येते. पंचवीस-तीस हजारांवरच्या कामाचा अंदाज आला, तर गाडी सुरक्षितपणे चालण्याच्या स्थितीत असेल तोवर दुसऱ्या ठिकाणी तपासून घेतल्याशिवाय काम सोपवू नये. काही वर्कशॉप तपासणीचे पैसे लावतात, म्हणून ती रक्कम आधीच विचारून ठेवा.

दुसरे ठिकाण म्हणजे कुठले, हा खरा प्रश्न. वॉरंटीच्या काळात नियमित सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणीच करावी, हे माझे स्पष्ट मत आहे. पुढे इंजिन किंवा गिअरबॉक्सचा दावा करताना सर्व्हिसची सलग नोंद उपयोगी पडते. तरीही बाहेर काहीही केले की सगळी वॉरंटी जाते, या धाकाला घाबरू नये. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट कंपन्यांनी घालू नये, सदोष दुरुस्तीमुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता यावी, असेही आयोगाने त्या आदेशात म्हटले. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या. त्यामुळे व्यवहारात सावध राहून टायर, वायपर, बल्ब आणि पंक्चर यांसारखी कामे बाहेर करावीत आणि विजेच्या वायरिंगला हात लावणारी ॲक्सेसरी मात्र वॉरंटीच्या काळात बाहेरून बसवू नये.

वॉरंटी संपल्यावर चित्र बदलते. तेल, फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच, सस्पेन्शन ही कामे अनुभवी स्वतंत्र गॅरेज उत्तम करते; सॉफ्टवेअर, एअरबॅग, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि रिकॉल (दोष असलेल्या गाड्या कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावणे) यांसाठी अधिकृत केंद्रातच जावे. सुटे भाग विकत घेताना, तो भाग प्रत्यक्ष बनवणाऱ्या मूळ उत्पादकाच्या स्वतःच्या नावाच्या खोक्यातला भाग शोधा. बॉशसारखे अनेक पुरवठादार मोटार कंपन्यांना देतात तसेच खुल्या बाजारातही आपले भाग विकतात. पुण्यात नाना पेठेत असे भाग मिळतात. मात्र ब्रेक आणि स्टिअरिंगचे भाग जीएसटी बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्यावेत, कारण बनावट खोकी हुबेहूब असतात. पाकिटावर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा जास्त पैसे घेण्याची मुभा कोणालाही नाही, अधिकृत वर्कशॉपलाही नाही. बॅटरी बाहेर घेताना जुनी परत देऊन सूट घ्या. गाडीत स्टार्ट-स्टॉप (थांबल्यावर इंजिन आपोआप बंद-चालू करणारी) यंत्रणा असेल, तर मात्र त्याच प्रकारची बॅटरी लागते, साधी चालत नाही. केबिन फिल्टर अनेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि घरी पाच मिनिटांत बदलता येतो.

अपघाताच्या लहान कामात ‘क्लेम करून टाका, तुम्हाला काही पडणार नाही’ असे सांगितले जाते. तेव्हा हिशेब मांडा. समजा, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा मूळ प्रीमियम १२,००० रुपये आहे आणि यंदा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल त्या प्रीमियमवर मिळणारी सूट, ३५ टक्के आहे. क्लेम न केल्यास पुढच्या वर्षी ४५ टक्के, म्हणजे ५,४०० रुपये सूट मिळेल आणि त्यानंतर ५० टक्के, म्हणजे ६,०००. क्लेम केल्यास पुढच्या वर्षी सूट शून्य आणि त्यानंतर २० टक्के, म्हणजे २,४००. दोन वर्षांत ९,००० रुपयांचा फरक पडतो. बंपर रंगवण्याचे काम साडेचार हजारांचे असेल, तर अनिवार्य वजावटीचे, म्हणजे मालकाने स्वतः भरायचे, १,००० रुपये जाऊन विमा कंपनी जास्तीत जास्त साडेतीन हजार देईल. बोनस सुरक्षित ठेवणारे कव्हर घेतलेले नसेल, तर असा क्लेम तोट्याचाच ठरतो.

गाडी ताब्यात घेताना पैसे भरण्यापूर्वी बिल जॉब कार्डाशेजारी ठेवून वाचा. तेलाचे लिटर, ‘कन्झ्युमेबल्स’ या नावाखालची मोघम रक्कम आणि एकाच कामाची दोनदा लावलेली मजुरी येथे सापडते. ब्रेक पॅड बदलण्याच्या मजुरीतच ब्रेक क्लीनिंग येत असेल, तर ते वेगळे लावू देऊ नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरील जीएसटी १८ टक्के आहे, तोच मजुरीवरही आहे. कोणत्याही ओळीसमोर २८ टक्के दिसल्यास ते दुरुस्त करून घ्या. मंजूर न केलेले काम बिलात असेल आणि मॅनेजर ऐकत नसेल, तर कंपनीच्या ग्राहक सेवेला ई-मेल पाठवून तक्रार क्रमांक घ्या. तेवढ्याने भागले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यापुढे ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. तुम्ही कामासाठी भरलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर तिथे शुल्क लागत नाही आणि वकील देण्याचीही सक्ती नाही. सही केलेले जॉब कार्ड, लेखी अंदाज, व्हॉट्सॲपवरील संदेश आणि बिल ही चार कागदपत्रे तक्रारीला जोडा.