पिकअपला लिफ्ट पंप लावायची तयारी, आणि गेज विसरू नका

मागच्या आंबिया बहाराच्या तोडणीत मी पिकअपला बाहेरून इलेक्ट्रिक लिफ्ट पंप, म्हणजे टाकीतलं डिझेल इंजिनकडं ढकलणारा पंप, बसवला आणि पुरी वाट लावून घेतली. अकरा दिवस गाडी उभी राह्यली, बगीच्यात संत्रा तोडणीवर होता आणि मी भाड्याची गाडी शोधत फिरत होतो. यंदा परत तेच काम करून राह्यलो, म्हणून आधी सगळं लिहून काढतो आहे. एकच गोष्ट विसरलो होतो मी. गेज. प्रेशर गेज. बाकी सामान सगळं होतं.

तं पहिले गाडी कोणत्या जातीची आहे ते समजून घ्या. सकाळी सगळं शांत असताना चावी ऑनवर करा, सेल्फ मारू नका, आणि दुसऱ्या माणसाला टाकीपाशी कान लावायला सांगा. दोन-चार सेकंद घुर्र असा आवाज आला तं टाकीत इलेक्ट्रिक पंप कंपनीचाच आहे. काहीच आवाज नाही आला तं बहुतेक गाडी ओढून पिणारी आहे, म्हणजे इंजिनवरच्या हाय प्रेशर पंपाच्या पोटातच एक छोटा गिअर पंप असते आणि तोच टाकीतून, फिल्टरमधून डिझेल ओढून घेते. जुन्या इनलाइन पंपाच्या गाड्यांना बाजूला फीड पंप असते, त्याची गोष्ट वेगळी, त्याचा पिस्टन नाही तं वॉल्व बदलला की बरेचदा काम भागते, लिफ्ट पंपाच्या नादी लागायची गरजच नाही. खाली जे लिहितो ते ओढून पिणाऱ्या कॉमन रेलवाल्यांसाठी, म्हणजे हाय प्रेशर पंप एका जाड नळीत, रेलमध्ये, डिझेल दाबून ठेवते आणि इंजेक्टर तिथून घेतात अशा गाड्यांसाठी.

आता गेज. पंप विकत घ्यायच्या आधी गेज. माझी गाडी सपाटीवर बरी चालायची, पण परतवाड्यावरून चिखलदऱ्याचा घाट माल घेऊन चढायला लागली की दम सोडायची, चेक लाइट लागायचा, वेग घ्यायची ताकद खल्लास. मी काय केलं, तं सरळ म्हटलं डिझेल कमी पडून राह्यलं, पंप पाह्यजे. मोजलं नाही. ओढून पिणाऱ्या गाडीत डिझेल टाकीतून वर येते ते बाहेरच्या हवेच्या दाबावर येते, हे लक्षात घ्या. हवेचा दाब एक बारच्या आसपास, त्याच्यापेक्षा जास्त ओढ कोणताच पंप देऊ शकत नाही. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर, तिथं हा दाब परतवाड्यापेक्षा आठ-नऊ टक्के कमी, त्यात चढ आणि फुल लोड, म्हणजे डिझेलच्या रस्त्यात कुठं अडथळा असला तं तो बरोबर तिथंच उघडा पडते. अडथळा असला तं. आणि अडथळा आहे की नाही हे गेजशिवाय कळत नाही, मिस्त्री कितीही जुना असला तरी कानानं कळत नाही.

गेज घ्यायचा तो कंपाऊंड गेज, म्हणजे शून्याच्या खाली ओढ पण दाखवते आणि वर दाब पण. उणे १ ते अधिक ३ बारचा छोटा घ्या. फ्रिजवाल्या मिस्त्रीकडं निळा गेज असते तो पण दोन्हीकडचं वाचते, पण वरच्या बाजूला त्याचे आकडे इतके दाटीचे असतात की आपल्याला लागणारा अर्धा बार त्याच्यात दिसतही नाही, आणि डिझेल लागल्यावर त्याचा गेज त्याच्या कामातून जाते, म्हणून मागून आणू नका, स्वतःचा घ्या. फिल्टर आणि हाय प्रेशर पंप यांच्या मधल्या पाइपात टी, म्हणजे तीन तोंडांचा जॉइंट, टाकायचा, टीला लांब डिझेलचा पाइप, आणि गेज बाहेरच्या बाजूनं वायपरपाशी काचेवर बांधायचा म्हणजे चालवताना दिसते. केबिनमध्ये आणू नका. डिझेल भरलेला पाइप केबिनमध्ये घ्यायचा नाही म्हणजे नाही.

मंग माल भरून चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलेटर द्या आणि शेजारच्यानं आकडा वाचावा, तुम्ही रस्ता पाहा. अमेरिकेतल्या ६.६ लिटरच्या ड्युरामॅक्स पिकअपला २००१ ते २०१६ पर्यंत कंपनीचा लिफ्ट पंपच नव्हता, ती पण आपल्यासारखीच ओढून प्यायची, तिथले लोक पाराच्या पाच इंचापेक्षा, म्हणजे उणे ०.१७ बारपेक्षा, जास्त ओढ दिसली की आधी फिल्टर बदलतात. आपल्या गाडीचा आकडा वर्कशॉप मॅन्युअलमध्ये पाहा, पण अंदाजाला हा बरा आहे. ओढ जास्त दिसली तं टी काढून फिल्टरच्या आधी लावा, परत तोच चढ. आता ओढ कमी झाली तं फिल्टर जाम. तेवढीच राह्यली तं टाकी ते फिल्टरमध्ये भानगड. बस, अर्ध्या दिवसाचं काम आहे हे, आणि मी हे अर्ध्या दिवसाचं काम सोडलं होतं.

गेज लावलेलाच आहे तं अजून दोन परीक्षा करून टाका. टाकीचं झाकण उघडताना फुस्स करून हवा आत गेली आणि झाकण सैल ठेवल्यावर गाडी बरी ओढते, तं ब्रीदर, म्हणजे टाकीत हवा घेणारी नळी, बंद आहे. आपल्या इकडं पावसाळ्यात वावरातून गाडी काढली की काळ्या मातीचा चिखल त्या नळीत बसते आणि सुकल्यावर सिमेंटसारखा होते. दुसरी, पाच लिटरच्या कॅनमध्ये पेट्रोल पंपावरचं स्वच्छ डिझेल घ्या आणि फिल्टरकडं जाणारा पाइप टाकीऐवजी त्या कॅनमध्ये सोडून, कॅन नीट बांधून, उभ्या गाडीवर रेस देऊन पाहा. कॅनवर ओढ कमी झाली आणि टाकीवर वाढली तं टाकीतली जाळी पाहा.

माझी जाळीच होती. गाडी मोकळ्यावर आल्यावर टाकी उतरवली तेव्हा कळलं. हंगामात ड्रममधलं डिझेल टाकायचो, ड्रम गोठ्याच्या बाजूला, पावसाळ्यात आत पाणी धरते, गंज धरते, आणि पाणी न् डिझेल जिथं मिळते तिथं काळा चिकट गाळ वाढते. तो पूर्ण जाळीवर बसला होता. टाकी धुवून जाळी बदलली असती तं पंपाची गरजच पडली नसती कदाचित. गेजनं हे पहिल्याच दिवशी दाखवलं असतं. म्हणून परत सांगतो, पंप घ्यायच्या आधी गेज.

बरं, मोजलं, टाकी साफ केली, फिल्टर नवा टाकला, ब्रीदर मोकळा केला, तरी ओढ जास्तच येते किंवा वारंवार घाटात माल न्यायचा आहे आणि पंप लावायचाच आहे. तं कोणता पंप? इथं माझी दुसरी चूक झाली, आणि ती पण गेज असता तं वाचली असती. मी व्हिडिओत पाह्यलं की फोर्डच्या ६.० लिटर पॉवरस्ट्रोक डिझेल इंजिनला ४५ पीएसआयच्या खाली प्रेशर गेलं की इंजेक्टर मरतात, रेग्युलेटरची स्प्रिंग बदलून प्रेशर वाढवा. मी म्हटलं बरोबर आहे, आणि दुकानातून पेट्रोल कारच्या इंजेक्शनचा ३ बारचा पंप आणला. ४५ पीएसआय म्हणजे ३ बारच की. पण त्या इंजिनात इंजेक्टर इंजिन ऑइलच्या दाबावर चालतात, डिझेल त्यांना तेवढ्याच दाबानं थेट पोचवावं लागते. आपल्याकडं पुढं हाय प्रेशर पंप आहे, तो रेलमध्ये हजार-दीड हजार बार तयार करते, त्याच्या तोंडाशी फक्त डिझेल कमी पडू नये एवढंच पाह्यजे. तिकडच्याच ड्युरामॅक्सला जे बाहेरचे लिफ्ट पंप लावतात ते ८ ते १० पीएसआयवर ठेवतात, म्हणजे पाऊण बार पण नाही. एका गाडीचा आकडा दुसऱ्या गाडीला लावू नका.

जास्त दाबानं काय होते? हाय प्रेशर पंपाच्या शाफ्टचं सील असते, ते ओढीसाठी बनलेलं असते, दाबासाठी नाही. ते सुटलं की डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते. बाहेर एक थेंब दिसत नाही. गाडी झकास चालते, मलाही वाटलं काय मस्त काम झालं. आठव्या दिवशी डिपस्टिक काढली तं ऑइल मॅक्सच्या दोन बोटं वर, पातळ पाण्यासारखं, डिझेलचा वास. तसंच चालवत राह्यलो असतो तं बेअरिंग गेलं असतं, नाहीतर इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन बेफाम रेस झालं असतं आणि चावी काढूनही बंद झालं नसतं. हाय प्रेशर पंप उतरवून सील बदलायला गेला, मंग रांगेत. त्याचेच ते अकरा दिवस. काचेवर ३ बार दिसले असते तं मी त्याच मिनिटाला बंद केलं असतं.

म्हणून डिझेलसाठीच बनलेला, कमी दाबाचा पंप घ्या. पेट्रोलचा नको, पेट्रोलचा पंप डिझेलच्या घट्टपणासाठी नसते. मोठा पण नको. ७५ एचपीचं इंजिन फुल लोडवर तासाला १५ लिटरच्या आसपास डिझेल जाळते, बाकीचं फिरून रिटर्ननं टाकीत जाते आणि पंप थंड ठेवते, तासाला १०० लिटरचा पंप भरपूर झाला. सोबत ॲडजस्ट होणारा रेग्युलेटर, म्हणजे दाब ठरवणारा वॉल्व, त्याची जास्तीच्या डिझेलची बायपास लाइन टाकीत परत. मी यंदा ०.३ ते ०.५ बारवर ठेवणार आहे, गेज पाहून. आणि दुकानातच विचारा की पंप बंद पडला तं त्याच्यातून डिझेल ओढलं जाते की नाही. नसेल जात तं बाजूनं चेक वॉल्वची, म्हणजे डिझेल एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या वॉल्वची, लाइन द्या, नाहीतर सेमाडोहच्या जंगलात रात्री एक फ्यूज उडाला की गाडी तिथंच.

पंपाच्या आधी पाणी वेगळं करणारा जाळीचा फिल्टर टाका, पाण्यानं पंप पण मरते आणि पुढचं पण.

पाइप डिझेलचाच घ्या, ८ एमएम, फवारणी पंपाचा नाही, तो फुगते. कॉपर वॉशर सगळे नवे, जुने परत वापरू नका. टाकी ते लिफ्ट पंप हा तुकडा अजूनही ओढीचाच राहते, तिथं जॉइंट सैल असला तं डिझेल गळत नाही, हवा आत जाते, म्हणून गळत नाही म्हणजे लीक नाही असं समजू नका. शंका आली तं थोडा वेळ पारदर्शक नळी लावून बुडबुडे पाहा, मंग ती काढून टाका, कायमची ठेवू नका, उन्हानं कडक होऊन तडकते.

वायरिंग सरळ इग्निशनच्या वायरवर मारू नका. रिले लावा, त्याच्या ३० नंबरच्या पिनवर बॅटरीपासून फ्यूजमधून, ८७ पंपाला, ८६ चावीला, ८५ अर्थिंगला. फ्यूज बॅटरीजवळ, अर्थिंग रंग खरवडून चेसिसला. आणि इंजिन बंद पडलं की पंप बंद व्हायला पाह्यजे, ऑइल प्रेशरवर चालणारा स्विच मधात टाकायला इलेक्ट्रिशियनला सांगा, कारण गाडी पलटली किंवा पाइप तुटला आणि चावी ऑन राह्यली तं पंप पूर्ण टाकी रस्त्यावर ओतते. मीटरवर ऑइलचा दिवा लावणारा स्विच ह्याच्यासाठी चालत नाही, तो उलटा चालते, हे त्याला आठवून द्या.

पंप बसवायचा टाकीजवळ, टाकीपेक्षा वर नाही, चेसिसच्या आतल्या बाजूला, रबर बुश टाकून, सायलेन्सरपासून लांब. मे महिन्यात आपल्याकडं ४५ च्या वर जाते, वरून सायलेन्सरची झळ नको. कनेक्टर खालच्या तोंडाचा ठेवा, चिखल.

गाडी वॉरंटीत असेल तं हे करूच नका, आधी कंपनीत दाखवा.

कामाच्या दिवशी: सकाळी लवकर, बॅटरीची निगेटिव्ह काढून, टाकी पावच भरलेली, वाळूची बादली जवळ, जवळ कोणी बिडी ओढणार नाही. हाय प्रेशरच्या लोखंडी पाइपांना हात लावू नका, चालू इंजिनवर तं अजिबात नाही, त्याची धार दिसत नाही आणि कातडीच्या आत घुसते. घुसली तं जखम सुईएवढी दिसली तरी त्याच वेळेस दवाखान्यात, दुखायची वाट पाहायची नाही. बसवून झाल्यावर हँड प्रायमर, म्हणजे डिझेल भरायचा हातपंप, कडक होईपर्यंत दाबा, सेल्फ दहा सेकंदाच्या वर एका वेळेस नाही.

मंग गेज. टी काढून टाकू नका, राहू द्या महिनाभर. आयडलवर आकडा लिहा, रिकाम्या गाडीचा लिहा, माल भरून घाटात लिहा. शून्याखाली जात असेल तं अजून कुठं अडते, एक बारकडं चालला तं रेग्युलेटर खाली घ्या, तोच आकडा राह्यला तं लगेच बंद. पहिले पंधरा दिवस रोज सकाळी थंड इंजिनवर डिपस्टिक, बोट लावून वास. माझा गेज आलेला आहे, पंप अजून घेतलेला नाही, येत्या सोमवारी रिकामी गाडी घेऊन तोच घाट चढणार आहे, बुधवारी माल घेऊन.